चौथी बरणी

सावनीच्या पाण्याची बाटली भार्गवी स्वतःच भरायची. सासूबाईंनी भरलेली तिला चालत नसे, आणि नवऱ्याने, सलिलने भरलेली तर नाहीच नाही. घरच्या विहिरीचं पाणी, दुहेरी फडक्यातून गाळलेलं, खळखळून उकळलेलं, मग झाकण ठेवून निवलेलं. मागच्या पावसाळ्यात पोरीला जुलाब झाले, सलाइन लावायला तिच्या एवढ्याशा हाताची शीर सापडेना, आणि नर्सने पुन्हा पुन्हा सुई टोचली. तेव्हापासून ही बाटली घरात देवाच्या तांब्याइतकी सोवळ्यात असे.

एवढ्यावर थांबलं असतं तरी लोकांनी दुर्लक्ष केलं असतं. काळजी कुठल्या आईला नसते? पण भार्गवी होती खाडीकाठच्या बारा गावांच्या पाणीयोजनेवर केमिस्ट. नदीचं पाणी तुरटीने निवळून, वाळूतून गाळून, औषध घालून नळाला सोडायचं, हे तिचं काम. बारा गावांना पाणी पाजणारी बाई स्वतःच्या लेकीला मात्र घरून बाटली देते, ही गोष्ट गावात लपून राहण्यासारखी नव्हतीच.

"माझी मनाल काय मातीची आहे गो?" साबेराभाभी त्या दिवशीही म्हणाल्याच. त्यांचं घर शुद्धीकरण केंद्राच्या उताराखाली, चढण सुरू व्हायच्या तोंडाशी होतं. नवरा मस्कतला, घरात त्या आणि पाच वर्षांची मनाल. भार्गवी कामावर असेपर्यंत सावनी त्यांच्याकडेच असायची. "दोन वर्षं तुझ्याच नळाचं पितेय. बघ कशी वाळवीसारखी घर पोखरतेय."

"तसं नाही हो भाभी."

"मग कसं?"

भार्गवीने बाटली खुंटीवरच्या पिशवीत ठेवली आणि सावनीच्या गालाला गाल लावला.

"आणि तुझं तोंड का सुकलंय?"

"हरतालिका आज. निर्जळी धरलीय."

"दिवसभर पाण्यात काम, आणि घोट घ्यायचा नाही? कमाल आहे तुझी."

खरं तर भार्गवीने निर्जळी उपास कधी केला नव्हता. कॉलेजात केमिस्ट्री शिकताना ती असल्या गोष्टींना हसायची. लग्नानंतर फराळाचा उपास करायची, तोही सासूबाईंच्या समाधानासाठी. मागच्या वर्षी हरतालिकेला तिने दोनदा चहा घेतला, आणि त्याच आठवड्यात सावनी आजारी पडली. चहाचा आणि जुलाबाचा काही संबंध नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी या वर्षी तिने आपणहून सासूबाईंना सांगितलं, मीही निर्जळी धरते. सासूबाई नुसत्या बघत राहिल्या.

वर केंद्राच्या फाटकाशी अयूबचा टेम्पो उभा होता. तुरटीच्या लाद्या आल्या होत्या. न्हाव्याकडे दाढीनंतर गालावर फिरवतात ती पारदर्शक, खडीसाखरेसारखी तुरटी वेगळी. ही करड्या पांढऱ्या, ओबडधोबड लाद्यांची, कारखान्यातली.

"बाई, अर्ध्या तुमच्या, अर्ध्या घाटावर कागदाच्या कारखान्यात पोचवायच्या," अयूब म्हणाला. "पुढच्या खेपेला कापड रंगवणाऱ्याला पण हवीय. मला सांगा, एकच वस्तू, कुणी पाण्यात घालतो, कुणी कागदात, कुणी रंगात. करते काय ती नेमकं?"

"धरून ठेवते," भार्गवी म्हणाली. "कागदावर शाई पसरू देत नाही, कापडावर रंग पकडून ठेवते. पाण्यात गाळ एकमेकाला चिकटवते, मग तो जड होऊन खाली बसतो."

"म्हणजे आमच्या सासूसारखी. सगळ्यांना धरून ठेवते आणि शेवटी खाली बसवते!"

केरू हमाल खो खो हसला. तो उघड्या हातांनी लादी उचलायला लागला तशी भार्गवीने रबरी हातमोजे पुढे केले. "केरू, काल बोटांच्या भेगांत काय झोंबत होतं?"

"तुरटीच ती. तिला काय घाबरायचा? माझा आजा तोंडात धरायचा, दात दुखला की."

"तुझा आजा पोतंभर फोडत नव्हता. डोळ्याला चष्मा लाव, तोंडाला फडकं बांध. चुरा डोळ्यात गेला तर आधी भरपूर पाण्याने धुवायचा, मग मला हाक मारायची. चोळायचा नाही. आणि लाद्या फळ्यांवर रचा, फरशीवर नको. ओल धरतात."

हे सगळं ती रोज सांगायची, आणि केरू रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा. पण हातमोजे घालायचा. एवढं जमलं होतं.

आत ऑपरेटर परशुराम कठड्याला टेकून निवळण टाकीत बघत उभा होता. योजना सुरू झाल्यापासूनचा माणूस. त्याने नुसती मान हलवली. भार्गवी कठड्याशी गेली आणि वाकून बघायला लागली.

टाकीतलं पाणी लाल होतं. नेहमीच्या पावसाळी गढुळपणाचं नव्हे, जांभ्या चिऱ्याची भुकटी कालवल्यासारखं. वरच्या अंगाला या वर्षी नवी चिरेखाण सुरू झाली होती. तिथली माती दोन दिवसांच्या सरींनी नदीत उतरली होती. दर वर्षी असं पाणी आलं की एक दिवस पंप बंद ठेवायचे आणि नदी निवळायची वाट बघायची, ही इथली रीत. आज ती सोय नव्हती. उद्या गणपती. बारा गावांतलं एकेक घर मुंबईच्या चाकरमान्यांनी भरलेलं, दारात मोठमोठी पिंपं लावलेली, साठवण टाकीत जेमतेम दुपारपर्यंत पुरेल इतकंच पाणी.

"सकाळपासनं तुरटी वाढवतोय," परशुराम म्हणाला. "पहिल्यांदा थोडी, मग दीडपट, आता दुप्पट. बसत नाय गाळ. अजून वाढवू?"

घरी हंड्यात बायका हेच करतात. तुरटीचा खडा दोन वेळा फिरवून पाणी निवळलं नाही तर आणखी दोन वेळा फिरवायचा. परशुरामही तेच करत होता, फक्त त्याचा हंडा तीन पुरुष खोल होता.

भार्गवीने बादलीभर पाणी काढून घेतलं. "चाखलंत?"

"चाखला ना. तोंड असा गच्च झाला. तुमी तर आज चाखणार पन नाय," तो हसला. त्याच्या घरीही बायकोचा उपास होता.

फोन वाजला. रत्नागिरीच्या कचेरीतून उन्मेषसाहेब, शाखा अभियंता. भार्गवीपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठे, बोलायला मवाळ, पण आज आवाज ताणलेला.

"मॅडम, तीन सरपंचांचे फोन येऊन गेले. पाणी कधी सोडताय?"

"सर, निवळत नाहीये."

"मग डोस वाढवा. थोडं लालसर राहिलं तरी चालेल, लोक वापरायलाच घेणार."

"प्यायलाही घेतील सर. उद्या घरात माणसं असणार."

"म्हणून तर सोडायला हवं ना? तुम्ही जरा जास्तच..." त्यांनी वाक्य तोडलं. "बघा. दुपारपर्यंत सांगा."

जरा जास्तच. हे दोन शब्द तिच्या ओळखीचे होते. सलिल प्रेमाने म्हणायचा, नणंद वेगळ्या सुरात म्हणायची. तिने रिसीव्हर ठेवला आणि टेबलावरच्या काचेवर बोट फिरवत उभी राहिली. आपल्याला भीती वाटते म्हणून हे पाणी वाईट आहे, की पाणी वाईट आहे म्हणून भीती वाटतेय? तिला तर उकळलेल्या पाण्याचीही भीती वाटायची. तिच्या भीतीवर कुणी कशाला विश्वास ठेवावा? तिचा स्वतःचाच नव्हता.

मग तिला खुंटीवरची बाटली आठवली. साबेराभाभी दुपारी नळ सोडणार. मनाल ओंजळ धरणार. ही बाटली फक्त सावनीला वाचवील.

"परशुरामभाऊ, बरण्या घ्या," ती म्हणाली.

केंद्रावर पाणी तपासायचं यंत्र होतं, सहा पंख्यांचं, पण त्याची मोटर जळून वर्ष झालं होतं. त्याऐवजी भार्गवीने लोणच्याच्या सारख्या मापाच्या सहा बरण्या आणल्या होत्या. प्रत्येकीत नदीचं एक लिटर पाणी घ्यायचं. पहिलीत थोडं तुरटीचं द्रावण, दुसरीत जरा जास्त, असं चढत सहावीपर्यंत जायचं. मग वेताच्या काड्यांनी आधी भरभर, नंतर हळूहळू ढवळायचं आणि ठेवून द्यायचं. ज्या बरणीत कापसासारखे पुंजके धरून गाळ खाली बसेल, तेवढी तुरटी बरोबर.

परशुराम नुकतंच पान जमवून बसला होता. ते त्याने गालात सरकवलं आणि आला. दोघं ढवळायला बसली. तिच्याकडे पहिल्या तीन, त्याच्याकडे पुढच्या तीन. ढवळून झाल्यावर बरण्या खिडकीत रांगेने ठेवल्या. बाहेर सर येऊन गेली, कौलांवरून पाणी ठिबकत राहिलं.

पहिली लाल. दुसरी लाल. तिसरी लाल. पाचवी, सहावी तशाच, उलट अधिकच धुरकट.

चौथीत वरचं बोटभर पाणी नितळ झालं होतं.

भार्गवीने डोळे बारीक करून पाहिलं. तळाशी लालसर पुंजके हलके हलके उतरत होते, पिंजलेल्या कापसासारखे. काही वेळात अर्धी बरणी स्वच्छ झाली.

"ही कशी?" ती पुटपुटली. "पाचवीत हिच्याहून जास्त तुरटी आहे. पाचवी तरी निवळायला हवी, नाहीतर हिनेही निवळायला नको."

"ती टाकून द्या," परशुराम ओशाळून म्हणाला.

"का?"

"तिची काडी मोडली म्हणून मी बोटाने ढवळली. तुमी बघितलाव नाय, म्हणून बोललो नाय."

भार्गवीला राग आला. कितीदा सांगितलं होतं, तपासणीच्या पाण्यात हात घालायचा नाही. हे पाणी आता बाद. तिने बरणी ओतून द्यायला उचललीही. पण हात मोरीकडे गेला नाही. एखादी गोष्ट चुकीची दिसली की तिच्यावरून नजर न हलणं, हा तिचा स्वभावच होता, ज्याच्यावरून सगळे तिला हसायचे.

"कुठल्या बोटाने?"

परशुरामाने उजवा हात पुढे केला. तर्जनीच्या टोकाला नखाशी पांढरं काहीतरी वाळून बसलं होतं.

"चुना," तो म्हणाला. "पानाचा."

भार्गवीने कपाटातून आम्लता तपासायच्या कागदाची डबी काढली आणि एकेका बरणीत पट्टी बुडवली. पाचवी: लालसर केशरी. सहावी: तशीच. टाकीतलं पाणी: तसंच. चौथी: पोपटी.

"तुरटी आंबट असते, परशुरामभाऊ," ती हळू आवाजात म्हणाली, जणू स्वतःलाच समजावत होती. "पाण्यात थोडा खार, आंबटपणा मारणारा, असला तर तो तिला सांभाळून घेतो, मग पुंजके धरतात. आपल्या कातळावरून वाहून आलेल्या पाण्यात खार असतोच कुठे? पावसाळ्यात तर नावालाही नाही. आपण तुरटी वाढवत गेलो, पाणी आंबट होत गेलं, आणि आंबट पाण्यात तुरटी विरघळून बसते, काम करतच नाही. सगळी तशीच पाण्यात राहते."

"म्हंजे ती लोकांच्या पोटात?"

"लोकांच्या पोटात."

परशुरामाने पान थुंकायला खिडकी उघडली आणि तसाच थांबला. "मग चुना घालायचा?"

"चुना आहे कुठे?"

"पंधरा ऑगस्टला भिंती रंगवल्या त्यातल्या दोन गोणी हायत ना. विरलेला, भुकटीवाला."

भार्गवीने आधी फोन उचलला. "सर, टाकीतलं पाणी आंबट झालंय. गाळ खाली बसत नाही, तुरटी पाण्यातच राहतेय. ते मी सोडणार नाही. टाकी रिकामी करून चुना देऊन पुन्हा भरते. संध्याकाळी पाणी जाईल."

"संध्याकाळी? मॅडम, उद्या गणपती आहेत!"

"म्हणूनच. हे पाणी प्यायला बाहेरून आलेली लहान मुलं असतील."

"तुम्ही हे पाणी तुमच्या मुलीला दिलं नसतंत, असं म्हणायचंय का?"

बाटलीची गोष्ट कचेरीपर्यंत पोचली होती तर. "नसतं दिलं," भार्गवी म्हणाली.

"बरं," उन्मेषसाहेब उसासा टाकून म्हणाले. "सरपंचांच्या शिव्या मी खातो. संध्याकाळ म्हणजे संध्याकाळ हं."

केरू चुन्याची गोणी खांद्यावर टाकून आला तो थेट तुरटीच्या टाकीकडे निघाला. "एकातच ओततो, म्हंजे एकदम मिसळंल."

"थांब!" परशुराम आणि भार्गवी एकदमच ओरडली. मग परशुराम चपापून तिच्याकडे बघायला लागला. आपण का ओरडलो ते त्याला ठाऊक नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून ओरडला होता.

"एकाच टाकीत घातलंस तर दोघं तिथेच एकमेकांना खाऊन टाकतील, पाण्याला काही उरणार नाही," ती म्हणाली. "चुन्याचं पिंप वेगळं. नदीचं पाणी येतं त्या तोंडाशी आधी चुना, आणि पुढे चरात तुरटी. आणि चष्मा लाव, केरू. तुरटी झोंबते, चुना भाजतो. डोळ्यात गेला तर डोळा जाईल."

या वेळी केरू हसला नाही. चष्मा लावला, तोंडाला फडकं बांधलं, आणि पिंपातल्या पाण्यात भुकटी हळूहळू, वाऱ्याकडे पाठ करून सोडायला लागला. भार्गवीने पुन्हा बरण्या मांडल्या, आता चुना मोजून. चिमूटभर जास्त झाला की पाणी पांढुरकं राहत होतं, कमी झाला की लाल. मधली जागा सापडली तेव्हा तिच्या जिभेला कोरड पडून ती टाळूला चिकटत होती. परशुरामाने तिच्यासाठी आणलेला चहा आठवणीने परत नेला.

आंबट पाणी नदीत तसंच सोडायचं नाही म्हणून ते गाळाच्या खड्ड्यात चुना टाकून मुरवलं. टाकी भरायला दुपार गेली. मग कठड्यावरून तिघं खाली बघत राहिली. पाण्यात आधी काहीच दिसेना. मग जणू धुकं आकसलं. पुंजके धरले, जड झाले, एकेक करत खोल उतरले, आणि टाकीच्या तळाच्या पायऱ्या, ज्या परशुरामाने जूनपासून पाहिल्या नव्हत्या, स्पष्ट दिसायला लागल्या.

"माझ्या पानानं झाला," परशुराम म्हणाला.

"तुमच्या पानानंच. पण पुन्हा बरणीत बोट घातलंत तर बघा."

"घालीन. बारा गावांचा भला होतोय तर."

वाळूतून गाळून, क्लोरीन देऊन, पुन्हा पट्टी बुडवून बघून तिने व्हॉल्व्ह उघडायला सांगितला, तेव्हा उन्हं कलती होती. उतारावरून खाली येताना तिला नळांचे आवाज ऐकू आले. आधी हवेची फुसफुस, मग धार. कुठेतरी कुणीतरी ओरडलं, "इला रे इला!" आणि पिंपांची, कळश्यांची झुंबड उडाली.

साबेराभाभींच्या परसात नळाखाली घागर भरत होती. मनाल आणि सावनी तिच्या कडेला बसून बोटांनी धार अडवत होत्या, दोघी चिंब. सावनीने आईला बघितलं आणि तोंड उघडलं. "आई, पाणी."

साबेराभाभी खुंटीवरच्या पिशवीकडे वळल्या. दिवसभर त्यांनी बाटलीतलंच पाजलं होतं. तेवढ्यापुरतं घेऊन बाटली पुन्हा जागेवर ठेवली होती. आता त्यांनी ती काढून पुढे केली. अजून अर्धी होती.

भार्गवीने बाटली घेतली आणि ओट्यावर ठेवली. स्टीलचा पेला उचलला, नळाखाली धरला. उजेडाकडे करून बघितला. नाकाशी नेला. क्लोरीनचा अगदी हलका वास, हवा तेवढा. तिने पेला ओठांना लावला.

"अगो अगो, आज तुझी निर्जळी ना?" साबेराभाभींनी तिचं मनगट धरलं. "उपास मोडेल गो. सकाळपर्यंतच तर राहिलं."

"आधी मी पिते, भाभी. मग ती."

त्यांनी हात सोडला. भार्गवी एका दमात अर्धा पेला प्यायली. सकाळपासून सुकलेल्या घशातून पाणी गार उतरत गेलं. तोंड तुरट झालं नाही. ती तशीच उभी राहिली. काहीतरी होईल म्हणून वाट बघितल्यासारखी. काही झालं नाही. नळाची धार घागरीत पडत राहिली. मग तिने खाली बसून उरलेला पेला सावनीच्या तोंडाशी धरला. सावनी गटागटा प्यायली, निम्मं पाणी हनुवटीवरून झग्यात गेलं, आणि तिने पेला परत पुढे केला. "अजून."

"घरी काय सांगशील?" साबेराभाभींनी विचारलं.

"काय झालं ते सांगीन." तिला सासूबाईंचा चेहरा दिसला, बोलायच्या आधी नुसता बघणारा. सांगणं सोपं जाणार नव्हतं. पण तिला वाटलं, त्या ऐकून घेतील.

तिने बाटलीचं झाकण काढलं आणि घरचं पाणी दाराशी असलेल्या अबोलीच्या मुळाशी ओतलं. ओतून झाल्यावर लगेच वाटलं, थोडं ठेवायला हवं होतं. रात्री पोरीला तहान लागली तर?

साबेराभाभींनी ते बरोबर ओळखलं. त्या हसायला लागल्या. "उद्या परत भरून आणशीलच तू."

"आणीन की," भार्गवी म्हणाली आणि रिकामी बाटली नळाखाली धरली. "पण इथूनच भरून नेते."